फक्कीची रेघ

गंगाखेड, १९ फेब्रुवारी २०२५

सिद्धोधन,

वर चिरंजीव लिहिलेलं नाही आणि जय भीमही घातलेला नाही. विसरले असं समजू नकोस, मुद्दाम घातला नाही.

तुझं भाषण पाहिलं. इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा धम्मानंद आहे ना, जयंती मंडळाचा सचिव, त्याने ते समाजाच्या ग्रुपवर टाकलं. अमेरिकेत चिनी भाषा शिकवणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या माणसाला जीवनगौरव दिला, म्हणून सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. बहुतेकांनी आधी तू कोट घालून चालत आलास ते पाहिलं आणि मग शेवटच्या टाळ्या पाहिल्या. मधलं इंग्रजी कुणाला कळतंय? मलाही भरभर बोललेलं कळत नाही. म्हणून सविताला, म्हणजे माझ्या सुनेला, शेजारी बसवलं आणि म्हटलं, एकेक वाक्य थांबवून सांग. माझा भाऊ काय बोलला ते मला सगळं ऐकायचंय.

एका ठिकाणी ती थांबली ती सांगेचना. मी रागावले तेव्हा सांगितलं.

तू म्हणालास, माझ्या वडिलांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. म्हणालास, आमच्या गावच्या शाळेत चुन्याची पांढरी रेघ मारलेली असे आणि आमच्यासारख्या मुलांना त्या रेघेच्या बाहेर बसावं लागे. तिथे बसून, हातात पुस्तक नसताना, मी नुसत्या कानाने शिकलो. भाषा कानातून आत शिरते हे मला त्या रेघेने शिकवलं. म्हणून माझ्या प्रत्येक चिनी वर्गाच्या दारात मी तीच रेघ मारतो, पण सगळ्यांना आत बोलावतो. यावर लोक उभे राहिले आणि एका बाईने डोळे पुसले.

सिद्धोधन, तुझ्या जिभेला काही हाड आहे का? सूर्यभान खंदारे मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली माणसाची. या तालुक्यात कुणालाही विचार, एक तर तो त्यांच्याकडे शिकलाय, नाहीतर त्याचा बाप शिकलाय. निजामाच्या काळात उर्दूतून शिकायला लागलेला, मराठीत मॅट्रिक झालेला, नोकरी करत बाहेरून बीए केलेला माणूस. तुझा हात धरून अ कुणी गिरवून घेतला? परदेशी जायच्या अर्जावरचं इंग्रजी कुणी तपासलं? आणि त्याला तू चारचौघांत अंगठेबहाद्दर केलंस.

आबा आत्ता बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेत. काल मला विचारलं, सिद्धोच्या भाषणात काय होतं? मी म्हटलं, नेट बंद आहे. एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून मी जन्मभर लोकांना गाड्यांच्या वेळा खऱ्या सांगितल्या. तुझ्यासाठी मला घरात खोटं बोलावं लागलं.

फोनवर तू विषय बदलतोस म्हणून लिहितेय. सविता फोटो काढून पाठवील. आबांना तू स्वतः फोन करून काय बोललास ते सांग. आणि जिथे बोललास तिथेही सांग की ते खरं नव्हतं.

अक्का

&nbsp;

गंगाखेड, ११ मार्च २०२५

सिद्धोधन,

पत्राला उत्तर म्हणून तू आवाज रेकॉर्ड करून पाठवलास. त्यात दोनदा हसलास. म्हणतोस, अक्का, तिथं नुसतं काम सांगून कुणी ऐकत नाही, गोष्ट लागते.

गोष्टच हवी ना? मग मी सांगते, आणि या वेळी ऐकून घे.

राणीसावरगावच्या पुढे तांड्यावर आबांची बदली झाली तेव्हा तू लहान होतास. पोरं घरी गोरमाटी बोलायची, पुस्तकं मराठी. आधीचे मास्तर आले, ओरडले आणि बदली करून गेले. आबांनी कबड्डीचं मैदान आखायची फक्की घेतली आणि वर्गाच्या उंबऱ्याशी रेघ मारली. रेघेच्या आत मराठीच बोलायचं, येवो न येवो, आणि दिवाळीपर्यंत पुस्तक उघडायचं नाही. खोटंखोटं दुकान मांडायचं, खोटीखोटी एसटी चालवायची, पाहुणा आला म्हणून पाणी मागायचं, सगळं तोंडाने. मग अंगणातल्या कडुलिंबाभोवती दुसरी रेघ मारली. तिच्या आत आबांनी गोरमाटीतच बोलायचं. चुकले की पोरं हसायची आणि मास्तर कान धरून उठाबशा काढायचे. सुलाबाई आठवते? तांड्यावरची शाळेत बसलेली पहिली पोरगी. ती आबांना मोजून उठाबशा काढायला लावायची. आबा म्हणायचे, मास्तर चुकताना दिसला की पोरांची भीती जाते.

ही ती रेघ. तिच्या बाहेर कुणालाच बसवलेलं नव्हतं. तू तर तिच्या आत खोट्या एसटीचा कंडक्टर असायचास.

आणि तुझ्या वर्गात ती रेघ कशी पोचली, तेही मला माहीत आहे. आपली बरीच बुद्धवचनं इथे नष्ट झाली आणि चिनी भाषेत राहिली, हे आबांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तुला दिल्लीला चिनी शिकायला पाठवलं. भावकी म्हणाली, मास्तरला येड लागलंय. तू तिथून तैवानला गेलास, मग अमेरिकेत. पहिल्या विद्यापीठात तुला तळघरात खोली दिली होती. आठ पोरं, आणि तीही मुकी. तू लिहिलंस की हिंदुस्थानी माणूस आम्हाला चिनी काय शिकवणार, अशा नजरेनं बघतात, तोंड उघडत नाहीत, पुढच्या वर्षी वर्ग बंद करतील. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दारात रेघ मार. पुस्तक बंद ठेव. आणि तू पण चुकून दाखव.

तू पांढरी पट्टी चिकटवलीस. वर्षभरात वर्ग भरला. पुढे उन्हाळी शाळा काढलीस, जिथे पोरं सुट्टीभर चिनीशिवाय अक्षर बोलत नाहीत. तीन विद्यापीठांत विभाग उभे केलेस, पाठ्यपुस्तक लिहिलंस, तू तयार केलेले शिक्षक आता कुठेकुठे शिकवतात. तुझ्या पाठांच्या कॅसेट इथे यायच्या. आबा अंगणात बसून चिनी उच्चारांचे ते चार सूर म्हणायचे, चढा, उतरता, सरळ आणि मध्ये वळणारा. आई म्हणायची, बास करा, शेजारी म्हणतील मास्तर कुणाला तरी हाका मारायलाय. तुझे कष्ट मला छोटे वाटत नाहीत. कंट्रोल केबिनमध्ये येणाऱ्या जाणाऱ्या ड्रायव्हरला मी तुझं सांगितलंय. म्हणूनच जिवाला लागलं.

आणि खोटी रेघ कशाला हवी होती तुला? खऱ्या काय कमी होत्या? हॉटेलाबाहेर टांगलेली वेगळी कपबशी तू पाहिलीस. आईच्या घागरीत वरून पाणी ओतायचे ते पाहिलंस. ते सांगायचं होतंस. मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या. ते सोडलंस आणि आपल्या माणसाने आपल्या हाताने मारलेली एक चांगली रेघ उचलून तिला विटाळाची केलीस. याचा राग मला मरेपर्यंत राहील.

आबा अजून विचारतात. मी अजून नेट बंद म्हणते.

अक्का

&nbsp;

गंगाखेड, १६ एप्रिल २०२५

सिद्धोधन,

परवा जयंती चांगली झाली. मिरवणुकीत तुझा मोठा फोटो होता.

आता पुढचं नीट वाच. बुद्धपौर्णिमेला मंडळ तुझा सत्कार करणार आहे. तू येऊ शकत नाहीस असं तू धम्मानंदला कळवलंस, म्हणून मानपत्र आबांनी घ्यायचं ठरलंय. आणि धम्मानंद तुझ्या भाषणाचं मराठी करून स्टेजवरून वाचणार आहे. आबा शेजारी खुर्चीत बसलेले असताना.

मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, ते वडलांचं आणि रेघेचं तेवढं गाळ. तो म्हणाला, "अक्का, तोच तर भाषणाचा जीव हाय. पोरांना त्यानंच उभारी मिळंल." तो बोरीचा, इथे येऊन दोन वर्षं झाली. आबांना सगळे मास्तर म्हणतात ते त्याला आडनावासारखं चिकटलेलं काहीतरी वाटतं. इथेच बसलेल्या आबांना त्याने काही विचारलं नाही, कारण अमेरिकेतल्या प्रोफेसरने सांगून ठेवलंय. त्याचा तरी काय दोष?

मी तिथेच खरं सांगून मोकळी झाले असते. पण तो लगेच विचारील, मग सर खोटं बोलले का? याला हो म्हणायला माझी जीभ वळली नाही. भाऊ आहेस. चहा पिऊन परत आले.

त्या हॉलमध्ये निम्मे लोक आबांचे विद्यार्थी असणार. मास्तरला नाव लिहिता येत नाही असं स्टेजवरून ऐकल्यावर ते एक तर मास्तरला हसतील, नाहीतर तुझ्या तोंडात शेण घालतील. दोन्ही मला नकोय. धम्मानंदला एक फोन कर. म्हण, ते मी भलतंच बोललो, गाळून टाक. एवढंच मागतेय. लहानपणी तुझ्या चुका मी माझ्या अंगावर घेतल्यात, ही घेता येण्यासारखी नाही.

आबांनी लग्नातला काळा कोट इस्त्रीला द्यायला सांगितलाय.

अक्का

&nbsp;

गंगाखेड, २ मे २०२५

सिद्धोधन,

तुझं उत्तर मिळालं. दोन पानं, आणि ती इंग्रजीत. सख्ख्या बहिणीला इंग्रजीत लिहावं लागलं इतका तू घाबरलास का? सविताने वाचून दाखवलं. तिला माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

काय लिहिलंयस ते मी माझ्या भाषेत परत लिहिते, म्हणजे तुला कसं दिसतं ते कळेल. पंधरा वर्षांपूर्वी एका बड्या साहेबाने तुला विचारलं की भारतातल्या खेड्यातला माणूस चिनीकडे कसा वळला. बाप मास्तर होता असं सांगितलं असतं तर त्याने मान हलवून दुसऱ्याकडे पाहिलं असतं. म्हणून तुझ्या तोंडून ते निघून गेलं. त्याला आवडलं. मग त्यानेच ते चार लोकांना सांगितलं. मग ते पुस्तकाच्या मागच्या पानावर आलं. आता चिनी शिकायला पोरं येईनाशी झाली आहेत, विभाग बंद करून दुसऱ्यात मिसळायचं चाललंय, आणि तुझी ती गोष्ट सांगून लोक विभाग वाचवू बघतायत. अशा वेळी ती खोटी निघाली तर तीस वर्षांचं काम बुडेल. म्हणून अक्का, तू गप्प बस.

विभाग बुडू नये असं मलाही वाटतं. तळघरातल्या त्या आठ पोरांसाठी या घराने जीव टाकलाय. पण पंधरा वर्षं? तेव्हा आई जिवंत होती. दर रविवारी तू तिला फोन करायचास, आबांची तब्येत विचारायचास आणि सोमवारी तिकडे जाऊन त्यांना अडाणी करायचास?

आणखी लिहितोस, खरं खोटं सोड, समाजाचं दुःख तर खरं आहे. समाजाचं दुःख तुझ्या कामाला जुंपायचा तुला काय अधिकार? आपल्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन पोरं शाळेत घातली. आपल्यात मास्तर झाले, साहेब झाले, हे त्या लोकांना कळलं तर काय बिघडणार होतं? त्यांना रडायला येईल असाच बाप तुला का हवा होता?

तू धम्मानंदला फोन करणार नाहीस हे कळलं. आता मीच सांगणार. तुझं नाव राहो की जावो.

अक्का

&nbsp;

गंगाखेड, १३ मे २०२५

सिद्धोधन,

काल कार्यक्रम झाला. तुझ्याकडे फोटो आलेच असतील. फोटोत आलं नाही ते लिहिते.

आदल्या दिवशी मी धम्मानंदकडे निघाले होते. चप्पल घातली तेव्हा आबांनी हाक मारली. म्हणाले, कुठं चाललीस ते मला ठाऊक हाय. मी ऐकलंय. सविताकडून फोन मागून घेऊन त्यांनी तुझं सगळं भाषण ऐकलं होतं, तेही मार्चमध्येच. इतके दिवस मी नेट बंद म्हणत होते आणि ते बरं म्हणत होते. मला म्हणाले, "वाचू दे त्याला. तू मधी पडू नको." मला वाटलं, आता स्वतः माइक हातात घेऊन खरं काय ते सांगतील. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. रात्री मी त्यांच्या कोटाला स्वतः ब्रश मारला.

हॉल भरला होता. त्रिसरण, पंचशील झालं. तांड्यावरून सुलाबाई आली होती, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. माणिकराव आले होते, आपले माजी सरपंच, आबांच्या हातचा मार खाल्लेले. धम्मानंदने वाचायला घेतलं. पोराचा आवाज चांगला आहे. वडिलांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, इथपर्यंत आला आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रेघेचं आलं तेव्हा माणिकराव उभे राहिले. म्हणाले, हे कुणाबद्दल चाललंय? आमच्या मास्तरबद्दल? धम्मानंद कागदाकडे बघतोय, लोकांकडे बघतोय. त्याला काहीच कळेना.

मी आबांकडे पाहत होते. ते उठले. शाल अंगावर होती. मला वाटलं, आता.

मानपत्र घेणाऱ्याने मंडळाच्या वहीत दोन शब्द लिहून सही करायची, अशी इथली पद्धत आहे. टेबलावर वही उघडी होती, वर पेन होतं. आबांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि ते बाजूला ठेवलं. मग धम्मानंदला म्हणाले, शाईचं पॅड आहे का? पावतीवर शिक्का मारायचं निळं पॅड कुणीतरी पुढे केलं. आबांनी डावा अंगठा त्यावर दाबला आणि वहीत उमटवला. माइक सुरू होता. म्हणाले, "लेकरू म्हणतंय ते बरोबर हाय."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, पण नाही हसले. माणिकराव खाली बसले. मग सुलाबाई उठून पुढे आली. तिने स्टेजच्या कडेला हात टेकला आणि म्हणाली, "मास्तर, असं करू नगा. माझा हात धरून तुमीच नाव काढाया शिकविलं की." आबांनी तिला हात जोडले. तिच्याशी ते नेहमी गोरमाटीत बोलतात. काल बोलले नाहीत.

घरी आल्यावर मी भांडले. बापाशी असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, आयुष्य घालवलंत ते एका अंगठ्यात पुसून टाकलंत, आणि कुणासाठी? ते कोट काढून खुंटीला लावत होते. म्हणाले, "एवढ्या लोकांत पोरगं खोटं पडलं असतं, बबिता. मग त्याच्या वर्गात कोण बसंल?"

एवढंच बोलले. जेवले आणि झोपले.

तुझा विभाग वाचला की बुडाला ते मला कळवू नकोस.

अक्का

&nbsp;

गंगाखेड, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धोधन,

जय भीम.

चिरंजीव लिही, जय भीम घाल, असं आबांनी सांगितलं म्हणून लिहिलंय. माझं मन अजून तसं झालेलं नाही.

तू पाच-सहा वेळा फोन केलास. आबांशी हवापाण्याचं बोललास. माझ्याशी बोलताना एकदा रडलास आणि उन्हाळ्यात येतो म्हणालास. उन्हाळा तुझ्या सुट्टीला लांब नसेल, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला लांब आहे.

त्या दिवसानंतर आबांनी पेन हातात धरलेलं नाही. मला वाटलं होतं चार दिवस रागावतील आणि सोडून देतील. पण ते रागावलेच नाहीत. एखादं व्रत घ्यावं तसं धरून बसलेत. या महिन्यात हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत घेऊन गेले. काउंटरवरचा मुलगा आबांच्या विद्यार्थ्याचा मुलगा. त्याने उठून नमस्कार केला आणि कागद पुढे सरकवला. आबांनी अंगठा पुढे केला. मुलगा म्हणाला, मास्तर, मागच्या वर्षी तुमची सही होती. आबा म्हणाले, आता येत नाही. त्या पोराने खाली मान घालून पॅड दिलं.

सकाळी पेपर येतो. खोलीत एकटे असले की वाचतात, चाहूल लागली की उलटा धरतात. परवा शेजारीण आली तेव्हा मी दारातून पाहिलं. पेपर उलटा धरून आबा तिच्याकडे बघून हसत होते. पोराचं खोटं खरं ठेवायला हा माणूस माझ्या घरात रोज अडाणी होऊन बसतो. आणि तू तिकडे दारात पट्टी लावून लोकांना खरं बोलायला शिकवतोस.

मी खूप समजावलं. सुलाबाई येऊन गेली. माणिकराव येऊन गेले. धम्मानंद तर पाया पडला, म्हणाला, मास्तर, मी सगळ्यांना खरं सांगतो. आबांनी त्याला शपथ घातली. मलाही घातली आहे. आमच्यापैकी कुणाचंच चालत नाही. ज्याने पेन काढून घेतलं त्यानेच ते परत हातात द्यावं लागेल, आणि ते फोनवरून देता येत नाही.

पूर्वी तुला पत्र लिहिलं की शेवटी आबा स्वतःच्या हाताने आशीर्वाद लिहून सही करायचे, सूर्यभान, लांब उकाराची. तुझ्याकडे तशी पुष्कळ असतील. आज हे पत्र लिहून झाल्यावर मी कागद आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, निदान त्याला तरी लिहा. त्यांनी पेनाकडे पाहिलं आणि मला कपाटातलं पॅड आणायला सांगितलं.

खाली निळा डाग दिसेल. सविताने फोटो नीटच काढलाय. तो आबांचा आशीर्वाद आहे.

अक्का